लेबर रूमबाहेरचे पेढे

साताऱ्यात बाळ जन्मलं की पहिला पेढा देवापुढे जातो आणि दुसरा सिस्टरच्या हातात. मुलगा झाला तर पेढे, मुलगी झाली तर बर्फी किंवा जिलेबी, असा जुना रिवाज. आता पुष्कळ घरं दोन्हीला पेढेच आणतात. तेही कंदी पेढे. खवा मंद आचेवर तांबूस होईपर्यंत भाजलेला, वेलदोड्याचा वास असलेला, बोटानं दाबला की रवाळ फुटणारा. मी वीसेक वर्षं जिल्ह्यातल्या एका सरकारी रुग्णालयात प्रसूती विभागात परिचारिका आहे. आमच्या टेबलावर पेढ्यांचा पुडा नाही असा दिवस विरळाच. शिवाय बाळंतिणींसाठी माहेरून आलेले डिंकाचे आणि हळिवाचे लाडू. ‘घ्या की सिस्टर, रातभर उभ्या हाईसा’ म्हणत तो डबा आमच्यापुढेही येतो. नाइटला चहासोबत बिस्किटं, फरसाण, भडंग. अशा टेबलाशी बसून मला वजन कमी करायचं होतं.

कारण साधं होतं. गुडघे बोलायला लागले होते आणि एचबीए१सी ६.१ आलं होतं. ५.७ ते ६.४ हा मधुमेहाचा उंबरठा. आपल्याकडच्या बायकांची कंबर ८० सेंटीमीटरच्या आत असावी असं मानतात. माझी बरीच पुढे गेली होती. गरोदर बाईला ७५ ग्रॅम ग्लुकोज पाण्यातून पाजायचं, दोन तासांनी रक्तातली साखर बघायची, १४० किंवा वर गेली तर तिला समजावून सांगायचं, हे माझं रोजचं काम. आणि घरात वडिलांच्या पायाचा अंगठा मधुमेहानं गेलेला. त्या जखमेचं ड्रेसिंग मीच करत असे. त्यामुळे आकडा बघून मला आधी भीती वाटली ती त्या अंगठ्याची. फिजिशियन म्हणाले, एकदम पंधरा किलोचा विचार करू नका, सात टक्के वजन उतरवा. अमेरिकेत २००२ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात तेवढंच उद्दिष्ट आणि आठवड्याला दीडशे मिनिटं चालणं एवढ्यावर मधुमेह होण्याचं प्रमाण ५८ टक्क्यांनी घटलं होतं.

ओळखीतून हजार कॅलरीचा तक्ता मिळाला. सकाळी पपई, दुपारी एक फुलका आणि काकडी-टोमॅटो, रात्री भाज्यांचं पाणी. काटा भराभर उतरला. पण दुपारी चारनंतर डोक्यात अन्नाखेरीज काही उरेना. बीपी मोजताना दोन खाटा पलीकडच्या डब्यात मेथीची भाजी आहे आणि तिला लसणाची फोडणी आहे, हे वासावरून कळायचं. राजवाड्यापुढच्या चौपाटीवरून घरी जायचं टाळायला लागले. ज्या पाककृतींच्या व्हिडिओंकडे मी कधी ढुंकून पाहिलं नव्हतं, ते झोप सोडून बघत बसायचे. स्वप्नातही पुरणाचा घाट.

तेव्हा माझ्या वाचनात मिनेसोटातला प्रयोग आला. दुसऱ्या महायुद्धाच्या शेवटी, १९४४-४५ मध्ये, अँसेल कीज या शास्त्रज्ञानं ३६ निरोगी तरुण स्वयंसेवकांना चोवीस आठवडे अर्धपोटी ठेवलं होतं. उपासमारीतून आलेल्या माणसांना पुन्हा कसं जेवू घालावं हे शोधण्यासाठी. त्या तरुणांना जेवण रोज मिळत होतं, साधारण दीड हजार कॅलरींचं. तरीही ते दिवसभर अन्नावरच बोलत, अन्नाची स्वप्नं बघत, आणि त्यांतले काही जण पाककृतींची पुस्तकं जमवायला लागले. मी ते वाचलं आणि मोबाईल खाली ठेवला. धडधाकट, निवडून घेतलेल्या पुरुषांचं दीड हजारावर जे झालं, ते माझं हजारावर होणारच होतं.

‘मनावर ताबा ठेवा’ हा सल्ला मला आता सहन होत नाही. सुटलेल्या पोटाच्या बाईला तो इतका सहज दिला जातो, आणि ती खाली मान घालून ऐकून घेते, जणू तिच्या चारित्र्यातच खोट आहे. मी असंख्य बायांची शरीरं फार जवळून पाहिली आहेत. शरीराला कमी पडलं की ते मागतं, जोरात मागतं, आणि सगळ्यांत लवकर ताकद देणारी वस्तू मागतं. त्यात लाज वाटण्यासारखं काहीही नाही.

तक्ता बंद केला. त्याऐवजी खिशातल्या छोट्या वहीत नोंदी ठेवायला लागले. ही सवय आमच्या अंगवळणीच पडलेली असते. लेबर रूममध्ये पार्टोग्राफ भरतात, दर अर्ध्या तासाला बाळाचे ठोके, कळा किती आणि किती वेळाच्या. तसंच मी लिहायचे: किती वाजले, काय खावंसं वाटतंय, आधी कधी जेवले, किती तास झोपले. खाल्लं की नाही तेही, पण त्याला शेरा नाही.

दोन-तीन आठवड्यांत ती वही बोलायला लागली. गोडाची सगळ्यांत मोठी ओढ पहाटे तीन ते पाच, आणि नाइट संपवून आठ वाजता गेटबाहेर आल्यावर, जिथे वड्यांची कढई तापलेली असते. सुट्टीच्या दिवशी, पोटभर झोप झाली असेल तर, त्याच वेळांना काहीच नाही. शिकागो विद्यापीठातल्या एका प्रयोगात बारा तरुणांना दोन रात्री फक्त चार-चार तास झोपू दिलं होतं. त्याचे निष्कर्ष २००४ साली छापून आले. पोट भरल्याचा निरोप देणारं लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरलं, भूक जागवणारं घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढलं, आणि विशेष करून वाढली ती गोड, खारट आणि पिठूळ पदार्थांची इच्छा. आमचं नाइटचं टेबल म्हणजे नेमके हेच तीन पदार्थ.

म्हणून मी आधी झोपेला हात घातला, खाण्याला नंतर. नाइटहून आलं की घरकामाला न लागता थेट अंधाऱ्या खोलीत. हे लिहायला सोपं आहे. प्रत्यक्षात सासूबाईंना, आम्ही त्यांना आत्या म्हणतो, हे पटायला वेळ लागला. घरची सून सकाळी नऊ वाजता दार लावून झोपते हे त्यांच्या डोळ्यांना खुपायचं. मग एकदा मी त्यांना ती वहीच वाचून दाखवली. झोपलेले दिवस आणि न झोपलेले दिवस, समोरासमोर. त्यानंतर दुपारपर्यंत मोबाईल त्यांच्याकडे असतो आणि दारावर आलेल्या माणसाला त्या हळू आवाजात परत पाठवतात.

खाण्याची ओढ उठते तेव्हा नेमकं काय होतं, हे मला माझ्या कामामुळे समजलं. ती कळेसारखी असते. हळूहळू चढते, टोकाला जाते, आणि त्या क्षणी बाईला वाटतं आता हे असंच वाढत राहणार. पण ती ओसरते. आम्ही बाईचा हात धरतो, सांगतो, बाई, श्वास घे, ही जाईल. मी स्वतःला तेच सांगायला लागले. पुडा समोर असताना उठायचं, वॉर्डची फेरी मारायची, एखाद्या बाळंतिणीला दूध नीट पाजता येत नसेल तर तिच्यापाशी बसायचं. पुष्कळदा परत येईपर्यंत पेढा डोक्यातून गेलेला असायचा. मात्र खरी भूक असेल तर ती ओसरून परत येते, आणि दर वेळी आधीपेक्षा जोरात. तिला श्वासानं थोपवू नये, जेवू घालावं. दोन्हींतला फरक ओळखायला मी एकच प्रश्न ठेवला आहे: आत्ता भाकरी आणि उसळ मिळाली तर खाशील का? उत्तर हो आलं तर डबा उघडायचा. नाही, पेढाच हवा, असं आलं तर फेरी.

एक तिसरा प्रकार आहे, आणि त्याच्यावर या प्रश्नाचा काही उपयोग होत नाही. एका रात्री बाळंतपणानंतर एका पोरीचा रक्तस्राव थांबेना. इंजेक्शनं, पोटावरून गर्भाशय चोळणं, रक्ताची पिशवी, डॉक्टर, धावपळ. पोरगी वाचली. चार वाजता मी टेबलापाशी आले तेव्हा माझी बोटं कापत होती आणि समोरचा पुडा मी उभ्याउभ्या निम्मा संपवू शकले असते. पोटात भूक नव्हती. तोंडाला चवही नव्हती. आमच्या मावशींनी खुर्ची ओढली, मला बसवलं, पाणी दिलं आणि काही न बोलता शेजारी बसल्या. मग मी बोलायला लागले, अथपासून. पाव तासानं हात स्थिर झाले. पुड्याची आठवणही राहिली नव्हती. अवघड रात्रीनंतर आता आम्ही एकमेकींना हे मुद्दाम विचारतो, ‘बसू का जरा?’ इतकी वर्षं आमच्या कामातला हा ताण पेढ्या-बिस्किटांवर निभावला जात होता, याचं मला फार वाईट वाटतं.

चहाचं गणित मात्र पाच मिनिटांत सुटलं. कपाला दोन चमचे, चमच्याला साधारण पाच ग्रॅम, नाइटला पाच कप. म्हणजे पन्नास ग्रॅम साखर, दोनशे कॅलरी, आणि पेढा अजून तोंडात गेलेलाही नाही. वरून घातलेली साखर दिवसाला २५ ग्रॅमच्या आसपास राहिली तर उत्तम, असं जागतिक आरोग्य संघटनेनं २०१५ साली सांगितलं. दर आठवड्याला अर्धा चमचा कमी करत गेले. आता बिनसाखरेचा चहा मला आवडतो.

राहिला पेढा. इथे कॅलरीचं गणित अपुरं पडतं. एका पेढ्याच्या शंभरेक कॅलरी धरा. तो नाकारताना जे मोडतं ते कशात मोजणार? पाटण तालुक्यातल्या एखाद्या वाडीवरून आलेली आजी, दोन रात्री व्हरांड्यात सतरंजीवर काढलेली, थरथरत्या हातानं पेढा पुढे करते. ‘तुमच्या हातनं लेकरू आलं, तोंड गोड केल्याबिगर कसं?’ तिला मी माझी साखर सांगू? मी ठरवलं की ज्या बाळंतपणात माझे हात होते त्याचाच पेढा घ्यायचा, आणि त्यातलाही तुकडा मोडून तिच्यासमोरच, बसून, चवीनं खायचा. उभ्यानं, बोलता बोलता, रजिस्टर भरता भरता खाल्लेल्या चार पेढ्यांपेक्षा तो तुकडा जास्त पुरतो. बाकीचे पुडे टेबलावर उघडे ठेवत नाही. मावशी ते कपाटात ठेवतात आणि सकाळी पाळी बदलताना सगळ्यांत वाटतात. नजरेआड असलं की निम्मी ओढ उठतच नाही.

याला एक अपवाद आहे. मुलगी झाली म्हणून गप्प होणारी घरं मी अजूनही बघते. बाहेर बाप असतो, सासू असते, आणि बातमी सांगितल्यावर ‘बरं’ एवढंच म्हणून दोघं खाली बघतात. त्यामुळे दुसरी किंवा तिसरी मुलगी झाल्यावरही जो बाप धावत जाऊन पेढे घेऊन येतो, त्याचा पेढा मी मोडत नाही. अख्खा खाते.

घरातलं फार सांगण्यासारखं नाही. दिवाळीचा फराळ आम्ही करतो, पण सगळे डबे एकदम भरत नाही. चकली संपली की करंज्या. उपवासाच्या दिवशी पूर्वी साबुदाण्याची खिचडी, बटाट्याचा कीस आणि वर शेंगदाण्याचा लाडू व्हायचा. ‘एकादशी, दुप्पट खाशी’ म्हणतात ते खरंच आहे. आता वरीचे तांदूळ, दाण्याची आमटी आणि ताक. आत्यांचाही गॅसेसचा त्रास कमी झाला, असं त्या म्हणतात.

खरा बदल वॉर्डात झाला. आम्ही नाइटच्या बायांनी रात्री साडेबाराच्या सुमारास एकत्र जेवायला सुरुवात केली, आळीपाळीनं, कारण लेबर रूमवर कुणीतरी हवंच. मावशी खटावकडच्या आहेत. त्या ज्वारीची भाकरी आणतात आणि थंडीत थर्मासमधून हुलग्याचं माडगं, लसूण-जिऱ्याचं, बिनगुळाचं. माझ्याकडे मटकीची उसळ, एक सिस्टर उकडलेली अंडी आणते, एक दही. ज्या रात्री हे जेवण होतं त्या रात्री पहाटे तीनला बिस्किटाचा पुडा कुणी फोडत नाही. ज्या रात्री एकामागून एक बाळंतपणं येतात आणि जेवण राहून जातं, त्या रात्री फुटतो. माझ्या वहीत दोन्ही आहे. वजन सावकाश उतरलं, वर्षभरात सातेक किलो. एचबीए१सी ५.८ वर आलं. कमी झोपेच्या आठवड्यात काटा अजूनही वर सरकतो, आणि हे बहुधा असंच राहील.

म्हणून गेल्या पावसाळ्यात आम्ही विभागातल्या सगळ्याजणींनी मिळून इनचार्ज सिस्टरना एक अर्ज दिला. नाइट सुट्या सुट्या लावू नका, सलग लावा. शेवटच्या नाइटनंतर दुसऱ्याच दिवशी सकाळची पाळी नको. आणि रात्रीच्या जेवणाला अर्धा तास आळीपाळीनं सोडा. सोबत माझ्या वहीतली चार पानं जोडली होती, नाव खोडून. त्यांनी ती पानं शांतपणे वाचली, आणि पुढच्या महिन्याचा रोस्टर आमच्या विभागापुरता बदलून लावला. परवा मेडिसिन वॉर्डातली नवी सिस्टर माझ्याकडे वजन उतरवायचा तक्ता मागायला आली होती. मी तिला त्या अर्जाची प्रत दिली.