टोपणाचा रंग

आमची धाकटी बहीण जीएनएम करून पुण्यातल्या एका सरकारी रुग्णालयात स्टाफ नर्स म्हणून लागली तेव्हा अम्मींनी साऱ्या मोहल्ल्यात पेढे वाटले. पोरगी रात्रपाळीला जाते, हे पचायला काही खालाजींना वेळ लागला, पण तो विषय वेगळा.

सहा महिन्यांनी रात्री दहाला फोन आला. "आपा, मला हे काम जमणार नाही. मी सोलापूरला परत येते."

आम्हा नवरा-बायकोला वाटलं, रक्त, जखमा, मृत्यू यांनी घाबरली असेल. तसं नव्हतं. सकाळी ओव्हर देताना एका चार्टवर सलाईनचा वेग लिहायचा राहून गेला होता. चूक तिचीच. पण वॉर्डच्या इन्चार्ज सिस्टर पेशंटच्या नातेवाइकांसमोर ओरडल्या, "तुला पास केलं कोणी?"

पुढच्याच आठवड्यात इन्सुलिन द्यायचं होतं, 20 युनिट. आपल्याकडची बाटली बहुधा 1 मिलिलिटरमध्ये 40 युनिटची असते आणि तिची सिरिंज लाल टोपणाची. त्या दिवशी लाल संपल्या होत्या, ट्रेमध्ये नारिंगी टोपणाच्या, म्हणजे 100 युनिटच्या होत्या. त्यात 20 च्या खुणेपर्यंत औषध भरलं तर पेशंटला मिळतात फक्त 8 युनिट. उलट अदलाबदल झाली, तर अडीचपट डोस जातो आणि साखर उतरून जिवावर बेततं.

तिला शंका आली. इन्चार्ज सिस्टर दहा पावलांवर बसल्या होत्या. तिने विचारलं नाही. सिरिंज भरून कॉटपाशी गेली, तेवढ्यात एका जुन्या सिस्टरचं टोपणाकडे लक्ष गेलं आणि त्यांनी तिचा हात धरला.

"मला येत होतं गं आपा. परीक्षेत लिहून आले होते. पण तिथं डोक्यातलं सगळं पुसल्यासारखं झालं, आणि विचारलं तर पुन्हा सगळ्यांसमोर..."

आम्ही दोघेही गप्प झालो. आम्ही उर्दू शाळेत शिकवतो. बाकावर सगळं येणारं आणि फळ्यापाशी उभं केलं की मुकं होणारं पोर आमच्या रोजच्या पाहण्यातलं. त्याला मुकं करणारा आवाजही ओळखीचा, आमचाच. फोन ठेवल्यावर हे एवढंच म्हणाले, "परवा पाचवीच्या त्या मुलाला मी असाच बोललो."

त्या सिस्टरांची बाजूही होतीच. माणसं कमी, डॉक्टरांचा राउंड डोक्यावर, आणि वरून बोलणी बसतात ती आधी त्यांनाच. पेशंटचा श्वास थांबत असताना "ॲम्ब्यू बॅग आण!" म्हणून कोणी ओरडलं तर त्याचं कुणाला वाईट वाटत नाही, असं धाकटीच सांगते. ते ओरडणं पेशंटसाठी असतं.

ती परत आली नाही. अब्बांनी समजावलं, अम्मी महिनाभर तिच्याजवळ राहून आल्या. पुढे तिची दुसऱ्या वॉर्डात बदली झाली. तिथल्या इन्चार्ज सिस्टरही चुका सोडत नाहीत, पण आधी ड्रेसिंग रूमचं दार लावतात. ओव्हरच्या शेवटी "कुणाला शंका?" असं विचारतात आणि थांबतात. सुरुवातीला कोणी बोलेना. मग एका सकाळी त्यांनी स्वतःच्या पहिल्या वर्षातली एक चूक सांगितली, हसत नव्हे, अगदी साधेपणाने. त्याच महिन्यात धाकटी एका डॉक्टरांना म्हणाली, "सर, हा डोस परत बघता का?" डॉक्टरांनी बघितलं आणि खोडून नवीन लिहिला. ते सांगायला तिने रात्रपाळी संपल्या संपल्या आम्हाला झोपेतून उठवलं.

यंदा ईदला ती घरी होती. शीरखुर्म्याची वाटी हातात असताना वॉर्डातल्या नव्या मुलीचा फोन आला. ती वाटी ठेवून ओट्यावर गेली. आतून आम्हाला ऐकू येत होतं, "नाही नाही, विचारलंस ते बरं केलंस. आधी सांग, टोपण कुठल्या रंगाचं आहे?"