डबक्यावरचे पाहुणे

आमच्या गावाच्या खालच्या अंगाला गटाराचे एक डबके आहे. साऱ्या गावाचे न्हाणीचे आणि भांड्यांचे पाणी तिथे जाते. वास लई येतो. बाया नाकाला पदर लावून पुढे जातात. पण मी आणि माझा मित्र सकाळी शाळेच्या आधी तिथे जातो, कारण तिथे पाखरे येतात.

फाल्गुनात ओढा आटतो, पण डबक्याला पाणी असतेच. चिखलात किडे आणि अळ्या असतात, ते खायला पाखरे उतरतात. शेकाट्याचे पाय लांब आणि तांबडे असतात. काठ्यांवर उभा राहिल्यावाणी दिसतो. तुतवार सारखी शेपटी वरखाली करतो, त्याला घडीभर दम नाही. आणि धोबी तर पुष्कळ. आज्जी म्हणली, "धुण्याचं पाणी जिथं, तिथं धोबी येणारच की!"

मला पिवळा धोबी फार आवडतो. दिवाळीच्या सुमाराला आला तेव्हा मळकट होता. शिमगा झाला तसा पिवळाधमक झाला, हळद लावलेल्या नवरदेवावाणी. गुरुजी म्हणाले, परत जायच्या आधी त्याची पिसे बदलतात. मग तो मध्य आशियात, सायबेरियात जातो आणि तिथे घरटे करतो. गुरुजींनी नकाशावर बोट ठेवून दाखवले. मध्ये सगळा हिमालय आहे! आणि त्याचे वजन दहा रुपयांच्या दोन नाण्यांहून थोडेच जास्त. मला केजच्या बाजारात चालूनसुद्धा पाय दुखतात.

आपल्या तालुक्यात धनेगावला मांजरा धरण आहे. तिथेही पाखरे येतात, पण मला रोज कोण नेणार? आज्जा सांगतो, 2016 साली ते धरणच आटले होते. लातूरला मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले. त्या वर्षी आमचे डबकेही कोरडे पडले. सांडायलाच पाणी नव्हते, मग गटार कुठून वाहणार?

आता डबके बुजवायचे ठरले आहे. मागच्या पावसाळ्यात माझ्या धाकट्या बहिणीला डेंगू झाला. चार दिवस सलाईन होते. आई म्हणते, "त्या डबक्यानंच केलं." पण आशाताई म्हणाल्या, डेंगूचा डास स्वच्छ पाण्यात अंडी घालतो. रांजण, टाकी, जुने टायर यांत. म्हणून आठवड्याला एक कोरडा दिवस पाळायचा. मी लगेच विचारले, "मग डबकं राहू द्यायचं का?" त्या म्हणाल्या, "नाही रे बाबा. गटारातल्या डासानं हत्तीरोग होतो."

मी गप्पच बसलो. बहिणीचा ताप मी पाहिला आहे.

आता घरोघर शोषखड्डे होणार. आमच्या न्हाणीमागे बाबांनी खड्डा खणला, मी दगडगोटे वेचून दिले. गुरुजींना मी विचारले, हातपंपाजवळचे सांडपाणी तरी एका उथळ खळग्यात सोडता येईल का? गुरुजी म्हणाले, त्यात गप्पी मासे सोडावे लागतील, ते डासांच्या अळ्या खातात. सरपंचांना विचारू म्हणाले. अजून विचारले नाही.

परवा संध्याकाळी मी अकरा पिवळे धोबी मोजले. आज सकाळी एकबी नव्हता. शेकाट्या दोन होते, आणि एक तुतवार शेपटी हलवत होता.

इयत्ता 4 थी