दोन दिवसांचा संसार पाठीवर

इंग्लंडच्या वायव्य भागातील लेक डिस्ट्रिक्ट हा सरोवरांचा व डोंगरांचा प्रदेश २०१७ साली युनेस्कोच्या जागतिक वारसा यादीत समाविष्ट झाला. तेथील केझिक गावाहून दक्षिणेस बॉरोडेलच्या खोऱ्यात शिरले की दोन्ही बाजूंचे डोंगर जवळ येतात, दगडी कुंपणांत मेंढ्या चरताना दिसतात आणि एक अरुंद रस्ता सीथवेट नावाच्या वाडीपाशी संपतो. इंग्लंडमधील सर्वाधिक पावसाची वस्ती म्हणून ही वाडी प्रसिद्ध आहे. येथून पायवाटेने स्कॅफेल पाइक गाठता येते. इंग्लंडचे हे सर्वोच्च शिखर अवघे ९७८ मीटर उंच आहे. आपले कळसूबाई १,६४६ मीटर आहे. आकडे पाहून या डोंगरांना कमी लेखावेसे वाटते. परंतु माथ्यावर झाडाचा आडोसा नाही, धुके घटकेत उतरते आणि वारा भिजलेल्या अंगातील ऊब ओढून नेतो.

अशा डोंगरांत दोन दिवस धावण्याची स्पर्धा जेरी चार्नली यांनी १९६८ साली सुरू केली. आज ती ‘ओरिजिनल माउंटन मॅरेथॉन’ या नावाने ओळखली जाते. तिची जागा दरवर्षी बदलते. दोघांची जोडी नकाशा व होकायंत्र घेऊन निघते. नेमून दिलेली ठिकाणे गाठायची असतात. तेथवर जाण्याची वाट मात्र ज्याची त्याने शोधायची. रात्रीच्या मुक्कामी पाणी मिळते, जेवण वा अंथरूण नाही. तंबू, शिधा, चूल, पांघरूण, सारे आपणच वाहायचे. स्पर्धा ऑक्टोबरच्या अखेरच्या शनिवार-रविवारी असते. त्याच रात्री ब्रिटनमधील घड्याळे एक तास मागे घेतली जातात, त्यामुळे आधीच सुमारे चौदा तासांचा असलेला अंधार थकलेल्या माणसास अधिकच लांब वाटतो.

मँचेस्टरला नोकरीस असलेला आमचा पुतण्या व त्याचा जोडीदार सरावासाठी बॉरोडेलला आले असता मी त्यांच्यासोबत होतो. खोलीत जमिनीवर सामान मांडलेले होते आणि मधोमध स्वयंपाकघरातील वजनकाटा. दुकानात माल तोलावा तशी एकेक वस्तू काट्यावर चढत होती. दोन माणसांत एकच दंतमंजनाची नळी, तीही अर्धी रिकामी केलेली. अनुभवी धावक पाठपिशवीचे वजन पाच-सहा किलोंच्या आसपास आणतात. पाठपिशवीस आधार देणारी फोमची पट्टीच रात्री अंथरूण होते. एका वस्तूकडून दोन कामे घेणे, हा वजन घटवण्याचा खरा मार्ग.

शिध्याचा हिशेब आपल्या गृहिणींना सहज उमगावा. एक ग्रॅम साखर सुमारे चार कॅलरी देते, एक ग्रॅम तूप नऊ. म्हणून शेंगदाणे, बदाम, तुपातले लाडू वजनाच्या मानाने अधिक ताकद देतात. सोबत खाकरे, खजूर आणि गरम पाण्यात भिजणारे पातळ पोहे. गॅसची लहान टाकी निवडतानाही विचार लागतो. निव्वळ ब्यूटेन गोठणबिंदूजवळ नीट पेटत नाही, म्हणून त्यात प्रोपेन मिसळलेली टाकी घेतात. तंबू बंद करून आत चूल पेटवू नये. कोंडलेला कार्बन मोनॉक्साइड जीवघेणा ठरतो.

कपड्यांत सुती वस्त्र वर्ज्य, कारण ते पाणी धरून अंग गार करते. लोकर ओली झाली तरी काहीशी ऊब राखते. पिसांची झोपपिशवी हलकी खरी, पण भिजली की निकामी. म्हणून ती व कोरडे कपडे पाणी न शिरणाऱ्या पिशवीत बांधतात. मुक्कामी कोरडे मोजे घातले की त्यांवर प्लॅस्टिकच्या पिशव्या चढवून मग ओल्या बुटांत पाय घालायचे, ही जुन्या धावकांची युक्ती.

“काका, हा जाड सदरा अख्ख्या शर्यतीत बाहेरही निघायचा नाही,” पुतण्या म्हणाला. “मग ठेव की घरी,” मी म्हटले. त्यावर त्याचा जोडीदार शांतपणे म्हणाला, “काका, तो धावण्यासाठी नाहीच. आमच्यापैकी एकाचा पाय मुरगळला आणि दोन तास पावसात बसावे लागले, तर त्या वेळेसाठी आहे.”

या उत्तराचे मोल याच खोऱ्याने एकदा दाखवले आहे. २५ ऑक्टोबर २००८ रोजी स्पर्धा बॉरोडेलमध्येच सुरू झाली. मुसळधार पाऊस व वादळी वाऱ्याने ओढ्यांना पूर आला, रस्ते बुडाले आणि स्पर्धा थांबवावी लागली. शेकडो धावक बेपत्ता असल्याच्या बातम्या पसरल्या. होनिस्टर खिंडीतील पाटीच्या दगडाच्या खाणीने अनेकांना आसरा दिला. कित्येकांनी डोंगरात आपापल्या तंबूत रात्र काढली. दुसऱ्या दिवशी सर्वांचा ठावठिकाणा लागला आणि कोणाचाही प्राण गेला नाही. घराघरांत चिंता पसरली असताना बहुतेक धावकांपाशी रात्र निभावण्यापुरते सामान होते, हे त्यामागचे एक मोठे कारण.

सामानाची वाटणी समसमान नसते. ज्याच्या अंगात बळ अधिक, त्याच्या पाठीवर भार अधिक. मात्र तंबू एकाकडे आणि चूल दुसऱ्याकडे असल्याने दोघांनी एकमेकांस सोडून जाता येत नाही. भागीदारीचा व्यवहार जाणणाऱ्यांस हे निराळे सांगायला नको. प्रत्येकाजवळ शिटी मात्र स्वतंत्र हवी. संकटात मिनिटाला सहा वेळा फुंकायची, एक मिनिट थांबायचे आणि पुन्हा फुंकायची.

आपल्या घरातील मुले-मुली आता सह्याद्रीत आणि हिमालयातही पदभ्रमणास जातात. त्यांनी निघण्यापूर्वी एका पावसाळी संध्याकाळी अंगणात तंबू उभारून पाहावा, त्याच चुलीवर पाणी उकळावे आणि दिवा बंद करून पिशवीतील विजेरी हाताने शोधावी. ती चटकन सापडली नाही, तर पिशवी पुन्हा रिकामी करून नव्याने भरावी.