फिश टँकमधलं भांडण आणि बोटावरची गाठ

"घरी फिश टँक आहे का?" बोटावर गाठ घेऊन येणाऱ्या प्रत्येक पेशंटला मी आता हे विचारतो. पूर्वी विचारत नव्हतो. त्याचा त्रास डोंबिवलीच्या एका गृहस्थांना झाला. त्यांच्या परवानगीने लिहितोय. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

उजव्या तर्जनीच्या पेरावर लालसर गाठ होती. फारशी दुखत नव्हती, तापही नव्हता. साधं इन्फेक्शन समजून मी अँटिबायोटिक दिलं. उतार पडेना म्हणून दुसरं दिलं. सहाव्या आठवड्यात ते आले तेव्हा मनगटाच्या वर, ओळीने आणखी दोन गाठी आल्या होत्या. अशी ओळ दिसली की आम्ही बागकामाबद्दल विचारतो, कारण काट्यातून शिरणाऱ्या एका बुरशीनेही असंच होतं.

"तिसऱ्या मजल्यावर कसली बाग, डॉक्टर? माशांची टाकी आहे, खाऱ्या पाण्याची."

मग टाकीची हकीकत निघाली. तीन फुटी टाकी, दोन क्लाउनफिश, एक क्लीनर श्रिम्प म्हणजे माशांच्या अंगावरचे परजीवी टिपून खाणारी कोळंबी, आणि शंखात राहणारे चार छोटे खेकडे. वर्षभर सगळं शांत होतं. मग त्यांनी एक ट्रिगरफिश आणला. "लहान आहे, राहील सगळ्यांबरोबर," असं दुकानदार म्हणाला होता. आठवड्यात दोन शंख रिकामे झाले.

त्यात ट्रिगरचा दोष नाही. समुद्रात खेकडे, शिंपले, समुद्री अर्चिन फोडून खाणं हेच त्याचं काम, दात त्यासाठीच आहेत. कोळंबी मात्र वेगळ्या कारणाने अडचणीत येते. ती वाढताना कात टाकते आणि नवं कवच कडक होईपर्यंत तिचं अंग मऊ असतं. तेवढा वेळ ती कपारीत दडून बसते. समुद्रात कपारींना तोटा नाही. तीन फुटांत पळणार कुठे? (तळाशी पडलेली कात बघून कोळंबी मेली असं अनेकांना वाटतं. आधी कपारीत टॉर्च मारून बघा.) बिनकण्याचे जीवही काही गरीब नसतात. शंखातला खेकडा चांगल्या शंखासाठी गोगलगायीला मारतो, आणि समुद्रफूल हाताशी आलेला छोटा मासा डंख मारून गिळतं.

लहानपणी डोंबिवलीहून निघून, दादरला गाडी बदलून आम्ही चर्नी रोडला तारापोरवाला मत्स्यालय बघायला जायचो. 1951 सालचं ते मत्स्यालय. तिथे काचेमागून काचेमागे वेगवेगळी मंडळी. एवढ्या वेगळ्या खोल्या कशाला, हे मला पन्नाशीनंतर, एका पेशंटच्या बोटामुळे कळलं.

कारण हे गृहस्थ रोज रात्री कोळंबीला वाचवायला टाकीत हात घालत होते. कधी ट्रिगर बोटाला चावे, कधी दगडाने खरचटे. पाण्यातला जंतू शिरला तो तिथून. त्याचं नाव मायकोबॅक्टेरियम मरिनम. 1926 मध्ये फिलाडेल्फियाच्या मत्स्यालयातल्या मेलेल्या माशांमध्ये तो प्रथम सापडला. गोड्या पाण्याच्या टाकीतही असतो. जखम झाल्यावर साधारण दोन ते सहा आठवड्यांनी गाठ येते, तोवर ती जखम कुणाच्या लक्षातही नसते.

हा टीबीच्या जंतूचा भाऊबंद. हे ऐकताच त्यांच्या पत्नीचा चेहरा उतरला. "मुलीला वेगळं झोपवू का?" नाही. हा माणसाकडून माणसाला लागत नाही. त्याला तीस अंशांच्या आसपासचं तापमान मानवतं, म्हणून तो हातापायांच्या थंड कातडीत राहतो. नेमक्या याच कारणाने तपासणीत निसटतो. लॅबमध्ये नेहमीचं कल्चर 37 अंशांवर ठेवतात, तिथे हा नीट वाढत नाही. आम्ही गाठीचा तुकडा पाठवताना मुद्दाम कमी तापमान लिहून दिलं, आणि काही आठवड्यांनी जंतू सापडला. औषधं दोन-तीन मिळून कित्येक महिने घ्यावी लागतात. गाठ गेली तरी पुढे एक-दोन महिने चालू ठेवायची असतात. अशा सुजेला संधिवात समजून सांध्यात स्टेरॉइडचं इंजेक्शन दिलं, तर प्रकरण खोलवर जातं.

तुमच्या घरी टाकी असेल, तर हाताला चीर असताना पाण्यात हात घालू नका. एरवी लांब हातमोजे घाला, दगड हलवायला चिमटा वापरा, नळीने पाणी तोंडाने ओढू नका. मधुमेह असेल किंवा प्रतिकारशक्ती कमी करणारी औषधं चालू असतील, तर टाकीचं काम घरातल्या दुसऱ्याला द्या. लायनफिशचा काटा लागला तर हात सोसवेल इतक्या गरम पाण्यात, 45 अंशांच्या आत, अर्धा ते दीड तास बुडवा आणि डॉक्टरांकडे जा. पाणी किती गरम आहे ते दुसऱ्या हाताने बघा, दुखऱ्या हाताला अंदाज येत नाही. आणि तीन आठवड्यांत न बसणारी गाठ असेल, तर मी विचारलं नाही तरी टाकीचं सांगा.

ट्रिगर दुकानात परत गेला. कोळंबी अजून आहे. त्यांच्या गोळ्या गेल्या आठवड्यात थांबवल्या. तर्जनीवर छोटा व्रण आहे, बोट पूर्ण वाकतं. दोन महिन्यांनी पुन्हा बोलावलंय.