कानातला कापूस

बोळिंजहून आगाशीकडे जाणाऱ्या रस्त्याला तेव्हा दोन्ही अंगांनी वाड्या होत्या. त्यातल्याच एका वाडीच्या कुंपणाला पाठ लावून पत्र्याची एक शेड उभी होती. नाव नाही, पाटी नाही. विरारहून अर्नाळ्याला जाणारी एसटी समोरून गेली की पत्रे थरथरायचे आणि खिळ्यांना अडकवलेले पाने एकमेकांवर किणकिणायचे. ‘मिस्त्रीकडे’ एवढं म्हटलं की आगाशीपर्यंत कुणालाही कळायचं.

१९९९ साली दहावीला गणितात माझी दांडी उडाली. ऑक्टोबरला पुन्हा बसायचं ठरलं, पण तोवर मला मोकळं सोडायला आई तयार नव्हती. ती पहाटेच्या लोकलने दादरला फुलं घेऊन जायची. मागे पोरगा गावभर उंडारणार हे तिला स्वच्छ दिसत होतं. तिनं मला दंडाला धरून मिस्त्रींपुढे उभं केलं. म्हणाली, “पगार देऊ नका. फक्त संध्याकाळी घरी काळा करून पाठवा.”

मिस्त्रींनी मान जराशी तिरकी करून तिच्या तोंडाकडे बघितलं. “गाळा? कुठला गाळा?”

आई हसली आणि तेच मोठ्यानं म्हणाली. मला वाटलं, माणूस विनोदी दिसतोय. बरं जमेल.

सगळे त्यांना मिस्त्री म्हणत, मी काका म्हणू लागलो. ते सातारकडचे. अंगात खाकी अर्धी विजार, बनियन, आणि उजव्या कानात कायम कापसाचा बोळा. गिऱ्हाईकं चेष्टा करायची, “मिस्त्री, आज कुठलं अत्तर?” काका नुसते हसायचे. मी आपलं माझ्यापुरतं ठरवून टाकलं होतं, की सायलेन्सर फाटलेल्या गाड्यांच्या आवाजापासून कान जपायला ते कापूस घालत असणार.

सुरुवातीला कित्येक दिवस माझ्या हातात पाना आलाच नाही. पत्र्याच्या ट्रेमध्ये रॉकेल आणि त्यात काकांनी सोडवलेले भाग. ते ब्रशने घासायचे, फडक्याने पुसायचे, ज्या गाडीचे त्या गाडीच्या डब्यात टाकायचे. दोन गाड्यांचे नट एका डब्यात दिसले की काका सगळाच डबा जमिनीवर पालथा करून पुन्हा निवडायला लावत. बोटांच्या पेरांना चिरा पडायच्या आणि रात्री भात कालवताना झोंबायच्या. आई बघायची आणि काही बोलायची नाही. काळा करून पाठवा असं तिनंच सांगितलं होतं ना!

मग हळूहळू पाने देणं आलं. काका गाडीखालून नुसता हात मागे करत. आकडा एकदाच, तोही पुटपुटल्यासारखा. प्लगला सोळाचा, स्प्लेंडरच्या ऑइलच्या बोल्टला सतराचा, हे डोक्यात बसलं. पुढे पुढे त्यांची नजर कुठल्या बोल्टवर आहे हे बघून मी न सांगता पाना द्यायला शिकलो. या आकड्यांचा एक आडफायदा झाला. बोअर मारल्यावर पिस्टन मोठ्या मापाचा लागतो, आणि ती मापं पाव, अर्धा, पाऊण, एक मिलिमीटर अशी चढत जातात. बोअरचं काम विरारच्या लेथवाल्याकडे चालायचं. तिकडे मीच सिलिंडर घेऊन जायचो, त्यामुळे दशांश अपूर्णांकांची भीती मोडली. ऑक्टोबरला गणित सुटलं. कसंबसं, पण सुटलं.

त्या शेडमध्ये गाडीवरून माणूस ओळखू यायचा. दूधवाल्याच्या गाडीचं मागचं सस्पेन्शन किटल्यांच्या ओझ्याने कायम बसलेलं. वाडीवाल्याच्या एम-एटीच्या चेनमध्ये केळीच्या पानाचे दोरे गुंतलेले. आणि अर्नाळ्याची गाडी म्हणजे तर स्वतंत्र दुखणंच. समुद्राचं खारं वारं आणि मासळीच्या टोपलीतून ठिबकणारं पाणी. दोन वर्षांची गाडी दहा वर्षांची दिसायची, आणि ॲल्युमिनियममध्ये बसलेला लोखंडी बोल्ट जागचा हलायचा नाही. मी पान्याच्या दांड्याला पाइप लावून जोर काढायला गेलो, तर काकांनी पाइप हातातून काढून घेतला. बोल्टच्या डोक्यावर हातोडीचे हलके ठोके, थोडं रॉकेल, बाजूच्या धातूला थोडी धग, आणि मग चहा. चहा पिऊन होईपर्यंत पान्याला हात लावायचा नाही. नंतर बोल्ट सोडवायचा, पण आधी किंचित आवळून. आवळायच्या दिशेने केसभर हलला की गंजाची पकड मोडते, मग तो उलटा निमूट येतो. आजही माझ्या गॅरेजात जाम बोल्ट आला की पोरं आधी चहा सांगतात.

पण काकांकडून मी खरं काय घेतलं ते पेचकसापासून सुरू होतं.

हातभर लांब पेचकस होता, लाकडी मुठीचा. चालू इंजिनावर त्याचं टोक टेकवायचं आणि मूठ कानाला लावायची. डॉक्टरची नळीच ती. काका मला वाकवायचे आणि विचारायचे, “काय ऐकू येतंय?” सुरुवातीला मला सगळा एकच कल्लोळ ऐकू यायचा. मग सुटं सुटं होत गेलं. टॅपेटची टिकटिक बारीक आणि सावकाश, कारण कॅम क्रँकच्या निम्म्या वेगाने फिरतो. क्रँकचे दोन फेरे झाले की त्याचा एक. कनेक्टिंग रॉडचा ठोका जड, आणि ॲक्सिलरेटर पिळला की वाढणारा. टायमिंग चेन सैल झाली की डाव्या बाजूला खरखर. क्लच दाबल्यावर आवाज बदलला तर दोष इंजिनाच्या वरच्या अंगात शोधायचा नाही. मी सांगायचो, काका माझ्या तोंडाकडे बघत ऐकायचे, मान हलवायचे आणि कामाला लागायचे. कधी ‘बरोबर’ नाही, कधी ‘चूक’ नाही. रोज परीक्षा आणि निकाल कधीच नाही, असं वाटून मी मनातून चिडायचोसुद्धा.

दुसऱ्या वर्षी टॅपेट सेटिंग माझ्याकडे आलं. इंजिन थंड पाहिजे, मॅग्नेटवरची ‘टी’ची खूण समोर आणायची, फिलर गेजची पत्ती सरकवायची. पत्ती जराशी अडखळत सरकली पाहिजे. एका दूधवाल्याची हीरो होंडा होती, आवाज करते म्हणून आलेली. मी मन लावून आवळली. सुरू केली. आवाज गायब! कान लावून बघितलं तरी टिकटिक नाही. मला आभाळ ठेंगणं झालं.

“आवाज कसाय?” काकांनी विचारलं.

“एकदम शांत.”

त्यांनी क्षणभर माझ्याकडे बघितलं, दुसऱ्या गिऱ्हाइकाने हाक मारली, आणि गाडी गेली.

तीन आठवड्यांनी तो दूधवाला गाडी ढकलत आला. चढावर ओढत नाही, किक घट्ट लागत नाही. हेड उघडलं तर एक्झॉस्ट व्हॉल्व्हची कड जळून खाल्लेली. टॅपेट मी इतकं आवळलं होतं, की व्हॉल्व्ह आपल्या बैठकीवर पूर्ण टेकतच नव्हता. टेकला की त्याची उष्णता बैठकीतून हेडमध्ये निघून जाते. टेकलाच नाही तर ती जाणार कुठे? दूधवाला तापला होता. त्याचं बरोबरच होतं. दोन दिवस रतीब सायकलवर घातला होता त्यानं. मी पत्र्याला टेकून उभा. काका म्हणाले, “माझ्याकडनं राहिलं. पैसे नकोत.” नवा व्हॉल्व्ह त्यांनी आणला. ग्राइंडिंग पेस्ट लावून, दोन तळहातांत दांडी घुसळून तो बैठकीवर घासायचं काम मात्र मला दिलं. अडीच तास. मध्ये एकदाही उठू दिलं नाही.

संध्याकाळी शटर ओढायच्या आधी मी म्हणालो, “काका, तुम्ही एकदा ऐकलं असतंत तर—”

त्यांनी कानातला बोळा काढून समोरच्या फळीवर ठेवला. पिवळट, ओला होता. लहानपणी विहिरीत पोहून पोहून कान फुटला, तो वाहतच राहिला. मग दुसराही. समोर उभं राहून बोललेलं कळायचं, ओठ दिसले तर जास्त. टॅपेटची टिकटिक मात्र गेली कित्येक वर्षं त्यांच्या कानावर आलीच नव्हती.

म्हणजे दीड वर्ष मी ज्याला परीक्षा समजत होतो ती परीक्षा नव्हतीच. त्यांना खरोखरच विचारायचं होतं, काय ऐकू येतंय.

“मग माझ्या आधी कसं करत होता?”

त्यांनी दूधवाल्याची गाडी सुरू केली, पेचकस टेकवला आणि मूठ कानाला न लावता कानामागच्या हाडावर दाबली. डोळे मिटले. कानाची वाट बंद झाली तरी कवटीच्या हाडातून कंप थेट आतल्या कानापर्यंत पोचतात, हे मला पुष्कळ वर्षांनी एका कानाच्या डॉक्टरांनी समजावून सांगितलं. काकांनी ते आपलं आपण शोधून काढलं होतं. पण हाडातून जड आवाज चांगला कळायचा, बारीक टिकटिक अंदाजानेच. तेवढ्यासाठी मी.

“टॅपेट गप्प बसलं तर घाबरायचं,” ते म्हणाले. “थोडं बोललंच पाहिजे ते.” आणि बोळा पुन्हा कानात.

पगार देऊ नका असं आई म्हणाली होती, तरी काका द्यायचे ते आठवड्याचे पन्नास रुपये शनिवारी पुरते हातावर पडले. व्हॉल्व्हचे पैसे कापले असते तर मला बरं वाटलं असतं. तेव्हापासून त्या हिशेबाचं काय करायचं ते मला समजलेलं नाही.

२००३ साली मी एका शोरूमच्या वर्कशॉपमध्ये लागलो. युनिफॉर्म, पगार, सुट्टी. सांगायला गेलो तेव्हा काका म्हणाले, “जा की लेका.” मी गेलो. शेडमध्ये त्यांच्याजवळ कान कोणाचा राहणार, हा विचार रस्त्यापलीकडे गेल्यावर आला आणि मी तो मागे टाकला. नंतर दोन पोरं आली, टिकली नाहीत, असं ऐकलं. महिना-पंधरा दिवसांनी रविवारी चक्कर मारायचो. अवघड गाड्या त्यांनी माझ्यासाठी बाजूला ठेवलेल्या असत. मी वाकून ऐकायचो, सांगायचो. पण रविवारी येणारा कान आणि रोजचा कान यात फरक असतोच. पुढे वाडी विकली गेली, शेड गेली. बोळिंजला म्हाडाच्या इमारती उभ्या राहिल्या आणि मी त्यांच्या वाटेवर एका गाळ्यात स्वतःचं गॅरेज टाकलं. गाळ्याचा करार झाल्यावर आईला तो जुना विनोद आठवला. मी काकांना सांगायला गेलो तर त्यांना मुळीच आठवत नव्हता.

कानाचं यंत्र मीच घेऊन दिलं. त्यांनी ते एक दिवस लावलं. म्हणाले, कावळे फार, आणि माणसं त्याहून जास्त बोलतात. यंत्र आता त्यांच्या घरी प्लगच्या रिकाम्या खोक्यात आहे.

जुलै २०१८ मध्ये वसई-विरार पाण्याखाली गेलं, लोकल थांबल्या. पाणी ओसरलं तसा माझ्या दारात बुडालेल्या दुचाकींचा ढीग लागला. न बोलावता काका आले. लोक उतावीळपणे किक मारत होते, काका त्यांचे हात धरत होते. सिलिंडरमध्ये पाणी असताना इंजिन फिरवलं तर पाणी दबत नाही, रॉड वाकतो. आधी प्लग काढा, मग हळू किक, पाण्याची चिळकांडी बाहेर उडू द्या. तळाचा बोल्ट सोडला की दुधाळ चहासारखं तेल यायचं. ते टाकून नवं भरायचं, थोडं चालवून तेही टाकायचं, मग पुन्हा नवं. सत्तरीला टेकलेला माणूस तीन दिवस बादलीवर बसून तेल काढत होता. तिसऱ्या दिवशी मी पाकीट पुढे केलं. त्यांनी माझे ओठ नीट वाचले असणार, तरी “काय?” म्हणाले. मी पाकीट खिशात घातलं.

आता १ एप्रिल २०२० नंतरच्या बहुतेक बीएस-सिक्स गाड्यांत कार्बोरेटर राहिला नाही. इंजेक्टर, सेन्सर, आणि दोष शोधायला स्कॅनर. मी तो घेतला, बराच महाग पडला. त्या वर्षी खंडेनवमीला काका आले. पाने ओळीने मांडले होते, झेंडूची माळ, मधोमध लाकडी मुठीचा पेचकस, आणि एका कडेला स्कॅनर. काकांनी प्रत्येक पान्याला बोट लावलं, पेचकसाला भरपूर हळदकुंकू. स्कॅनरपाशी थांबले.

“याला टॅपेट ऐकू येतं का?”

मी त्यांच्यासमोर येऊन, ओठ दिसतील असं म्हणालो, “नाही.”

“मग ठीक आहे,” म्हणाले आणि त्यालाही एक बारीकसा ठिपका लावला.