नेस्मिथांच्या कचेरीच्या शोधात

अमरावतीच्या हनुमान व्यायाम प्रसारक मंडळाच्या आखाड्यांच्या सावलीत ज्यांचे बालपण गेले, त्यांना बर्लिन हे नगर महायुद्धाच्याही आधी 1936 च्या ऑलिंपिकमुळे परिचयाचे झालेले असते. मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी आणि इतर देशी व्यायामप्रकार जगापुढे करून दाखविले, ही हकीकत आमच्या वस्तादांच्या तोंडून आम्ही कितीदा तरी ऐकलेली. पुढे महाविद्यालयात मी बास्केटबॉलच्या नादी लागलो तेव्हा वाचनात आले, की त्याच बर्लिनमध्ये या खेळाला ऑलिंपिकचे द्वार प्रथम उघडले, आणि त्याचे जनक डॉ. जेम्स नेस्मिथ वयाची चौऱ्याहत्तर वर्षे उलटल्यावर, अमेरिकेतील सामन्यांच्या प्रेक्षकांकडून जमविलेल्या निधीच्या बळावर, तो सोहळा पाहण्यास जातीने हजर होते. तेव्हापासून या पुरुषाविषयी मनात जी ओढ निर्माण झाली ती कधीच ओसरली नाही. कॅन्सस सिटीत स्थायिक झालेला माझा भाचा एकदा सहज बोलून गेला, “मामा, इथल्या विद्यापीठांत बास्केटबॉलच्या प्रशिक्षकाची कचेरी कुलगुरूंच्या कचेरीहून थाटाची असते.” ज्या कॅन्सस विद्यापीठात नेस्मिथांनी उत्तरायुष्याची जवळजवळ चार दशके वेचली तिथे त्यांची स्वतःची कचेरी कशी होती, हा प्रश्न त्याच क्षणी मनात उभा राहिला, आणि त्या प्रश्नाच्या मागोमाग मी लॉरेन्सला जाऊन पोहोचलो.

कॅन्सस सिटीहून पश्चिमेस सुमारे चाळीस मैलांवर हे गाव आहे. सपाट माळरानाच्या त्या मुलखात ओरिअॅड नावाची टेकडी उठून दिसते आणि विद्यापीठ तिच्याच माथ्यावर वसलेले आहे. माझा मुक्काम मात्र महामार्गालगतच्या एका पथिकाश्रमात होता. तिथली खिडकी उघडत नसे, रात्रभर मालमोटारींच्या घरघरीने डोळा लागत नसे, आणि गावाकडे पायी जाण्यास पाऊलवाट म्हणून नसे. ज्या देशाने मनगटाच्या आणि पायाच्या बळाचे एवढे भव्य प्रासाद उभारले, त्या देशात पायी चालणाऱ्याची इतकी उपेक्षा व्हावी याचे मला मनापासून वाईट वाटले. गाव दाखविण्यासाठी पैसे मोजून घेतलेल्या खासगी वाटाड्याने देणगीदारांची नावे आणि जागांच्या किमती घडघडा सांगितल्या. नेस्मिथ कोठे बसत, असे विचारताच तो गप्प झाला.

या गावाचा इतिहास गुलामगिरीच्या प्रश्नाशी निगडित आहे. 1854 मध्ये न्यू इंग्लंडमधील स्थलांतर-साहाय्यक मंडळीने, कॅन्ससचा मुलूख गुलामीच्या पक्षाकडे जाऊ नये या निश्चयाने, येथे वसाहत केली आणि मुख्य रस्त्याला आपल्या मायभूमीवरून मॅसॅच्युसेट्स हे नाव दिले. त्या निश्चयाची किंमत गावाला 21 ऑगस्ट 1863 रोजी मोजावी लागली. विल्यम क्वांट्रिलच्या टोळीने पहाटे छापा घालून दीडशेच्या आसपास पुरुष आणि मुलगे ठार केले आणि बाजारपेठ जाळून टाकली. त्या रस्त्यावरची जुनी हॉटेले, दुकाने, टेकडीवरच्या वस्तुसंग्रहालयातील तो प्रसिद्ध पेंढा भरलेला लष्करी घोडा, हे सारे मी धावत्या पावलांनी पाहिले. माझे चित्त टेकडीच्या दक्षिण उतारावरच्या चुनखडीच्या एका विशाल वास्तूकडे लागले होते.

तिथे पोहोचण्यापूर्वी थोडे मागे जावयास हवे. 1891 च्या डिसेंबरात मॅसॅच्युसेट्समधील स्प्रिंगफील्ड येथे, ख्रिस्ती तरुण संघाच्या प्रशिक्षणशाळेत, ल्यूथर गुलिक या वरिष्ठांच्या आज्ञेवरून नेस्मिथांनी हिवाळ्यात चार भिंतींच्या आत खेळता येईल असा एक खेळ योजला. सज्जाच्या कठड्याला दहा फुटांवर पीच फळांच्या टोपल्या ठोकल्या, तेरा नियम टंकलिखित करून भिंतीवर लावले आणि आडदांड अशा अठरा विद्यार्थ्यांना मैदानात उतरविले. या साऱ्यासाठी जी जागा लागली ती एक साधी व्यायामशाळा होती. 1898 मध्ये वैद्यकाची पदवी घेऊन ते लॉरेन्सला आले. त्यांची नेमणूक प्रार्थनामंदिराचे संचालक आणि शारीरिक शिक्षणाचे अध्यापक म्हणून झाली होती. बास्केटबॉल हे त्यांचे मुख्य काम नव्हतेच. विद्यापीठाच्या संघाचा पहिला सामना 1899 मध्ये खेळला गेला आणि कॅन्सस सिटीच्या ख्रिस्ती तरुण संघाने तो 16–5 असा जिंकला. रॉबिन्सन व्यायामशाळा ही स्वतंत्र वास्तू 1907 मध्ये उभी राहिली, आणि त्याच वर्षी नेस्मिथांनी प्रशिक्षकपद सोडले. 55 विजय आणि 60 पराभव हा त्यांचा हिशेब आहे. या विद्यापीठाच्या सर्व प्रशिक्षकांत पराभवांची बाजू जड असलेले ते एकटेच आहेत.

त्यांची जागा घेतली ती त्यांच्याच शिष्याने, फॉरेस्ट क्लेअर ऊर्फ फॉग ॲलन यांनी. हा खेळ शिकवावयाचा नसतो, खेळावयाचा असतो, असे नेस्मिथ त्यांना म्हणाले होते अशी आख्यायिका आहे; ॲलन यांनी शिकविणे हाच धर्म मानला आणि प्रशिक्षक हा स्वतंत्र व्यवसाय घडविला. केंटकीचे ॲडॉल्फ रप आणि नॉर्थ कॅरोलायनाचे डीन स्मिथ हे दोघेही त्यांच्याच हाताखाली खेळले. महाविद्यालयीन प्रशिक्षकाला आज अमेरिकेत जी प्रतिष्ठा आहे, तिची पहिली शिळा बसविण्याचे श्रेय ॲलन यांना दिल्यावाचून गत्यंतर नाही.

ॲलन यांच्या नावाचे क्रीडागृह, ॲलन फील्डहाउस, मी सकाळी उशिरा पाहिले. आत शिरताच माणसाचा आवाज आपोआप खाली येतो. उंच पोलादी कमानींखाली चहूबाजूंनी बाकांच्या ओळी छतापर्यंत चढत गेल्या आहेत. पंधरा हजारांहून अधिक प्रेक्षक इथे बसतात, आणि मधल्या लाकडी अंगणाला नेस्मिथांचे नाव आहे. वरच्या खिडक्यांतून येणारा उजेड रिकाम्या फळ्यांवर पडला होता. या वास्तूच्या जन्माची कथा राज्यकारभाराच्या अभ्यासकांना रुचेल अशी आहे. कोरियातील युद्धामुळे पोलादावर सरकारी निर्बंध होते आणि क्रीडागृहासाठी ते मिळेना. तेव्हा आराखड्यात फेरफार करून ही वास्तू सैनिकी शिक्षणासाठी शस्त्रागार म्हणूनही वापरली जाईल अशी तरतूद करण्यात आली, आणि त्या आधारावर पोलाद मंजूर झाले. 1 मार्च 1955 रोजी कॅन्सस स्टेटवर 77–67 असा विजय मिळवून वास्तूचे उद्घाटन झाले. पुढच्याच वर्षी, सत्तरी गाठलेल्या नोकराला निवृत्त करणाऱ्या सरकारी नियमाने ॲलन यांना कचेरी रिकामी करावी लागली; ज्या खेळाडूला त्यांनी स्वतः आणले तो विल्ट चेंबरलेन मुख्य संघात उतरला, तो दुसऱ्याच्या हाताखाली.

भाच्याने गाठ घालून दिलेल्या एका निवृत्त इतिहास-प्राध्यापकांशी माझा वाद जुंपला तो येथूनच. त्यांचे म्हणणे असे, की वास्तू खेळाडू आणते आणि खेळाडू विजय आणतात. उत्तम सरावगृह, उत्तम वसतिगृह आणि उत्तम कचेरी ही प्रशिक्षकाची हत्यारे आहेत, आणि चेंबरलेन हा त्याचा ढळढळीत दाखला. मी त्यांना हॉक सभागृहाची आठवण दिली. 1927 पासून 1955 पर्यंत कॅन्ससचा संघ संगीत आणि व्याख्यानांसाठी बांधलेल्या त्या सभागृहात खेळला, आणि 1952 चे राष्ट्रीय अजिंक्यपद त्याच काळात मिळाले. त्या संघातील सात जण हेलसिंकीच्या ऑलिंपिकला गेले. प्राध्यापक म्हणाले, तो ॲलन यांचा प्रताप होता. माझाही मुद्दा तोच होता. पण ते मानावयास तयार नव्हते, आणि त्यांच्या एका युक्तिवादाला माझ्याजवळ उत्तर नव्हते: पारितोषिके एखाद्या पुरुषाच्या बळावर मिळतात, परंपरा मात्र दगडातच टिकते, असे ते म्हणाले.

आजच्या कचेऱ्यांविषयी ते जे बोलले ते मला पूर्णपणे पटले. कित्येक दशके महाविद्यालयीन खेळाडूला वेतन देण्यास राष्ट्रीय क्रीडासंघटनेच्या नियमांनी बंदी होती, आणि दूरचित्रवाणीचा पैसा तर वर्षानुवर्षे वाढत होता. जमा वाढली आणि खर्चाची एक वाट बंद राहिली, म्हणजे पैसा उरलेल्या वाटांनी वाहणारच. तो प्रशिक्षकांच्या वेतनात गेला, आणि वास्तूंत गेला. कॅन्ससच्या सरकारी नोकरांत सर्वाधिक वेतन घेणारा मनुष्य बास्केटबॉलचा प्रशिक्षक आहे. सतरा वर्षांच्या मुलाला आणि त्याच्या आईवडिलांना ज्या खोलीत बसवून विद्यापीठाची निवड करावयास सांगितले जाते, ती खोली म्हणजे प्रशिक्षकाची कचेरी. म्हणून तिच्या भिंतीवर चषक, काचेआड विजयाच्या अंगठ्या, खिडकीतून दिसणारे सरावाचे अंगण, आणि चामड्याच्या प्रशस्त खुर्च्या. 2021 पासून खेळाडूंना स्वतःच्या नावाचे मोल घेता येऊ लागले, आणि जून 2025 मध्ये न्यायालयाने मंजूर केलेल्या तहनाम्याने विद्यापीठांना वर्षाकाठी सुमारे दोन कोटी पाच लाख डॉलरपर्यंतची रक्कम खेळाडूंत वाटण्याची मुभा मिळाली. ज्यांच्या घामावर हे सारे उभे राहिले त्यांच्या हाती काही पडू लागले, हे न्यायाचे झाले.

क्रीडागृहाला लागूनच, 2016 मध्ये उघडलेल्या डीब्रूस सेंटरमध्ये, नेस्मिथांच्या त्या तेरा नियमांची मूळ दोन पाने काचेआड ठेवली आहेत. याच गावात, नेस्मिथ मार्गावरच्या घरात वाढलेल्या डेव्हिड बूथ यांनी 2010 च्या लिलावात ती त्रेचाळीस लाख डॉलर मोजून विकत घेतली. पिवळट कागद, हाताने केलेल्या दुरुस्त्या, खाली सही. मी बराच वेळ तिथे उभा राहिलो आणि मग टेकडी चढून नेस्मिथांची कचेरी शोधू लागलो.

ती सापडण्यासारखी नव्हती. रॉबिन्सन व्यायामशाळा कधीच पाडली गेली. तिच्या जागी वेस्को हॉल ही काँक्रीटची वास्तू आहे, आणि तिच्या पायऱ्यांवर विद्यार्थी जेवत बसले होते. पण त्या कचेरीत घडलेला एक प्रसंग नोंदलेला आहे, आणि मला तो कॅन्ससच्या साऱ्या अजिंक्यपदांहून मोलाचा वाटतो. कॅन्ससमधल्याच हायवॉथा गावी जन्मलेला जॉन मॅक्लेंडन हा कृष्णवर्णीय तरुण 1933 मध्ये नेस्मिथांपुढे येऊन उभा राहिला आणि म्हणाला, की तुम्ही माझे मार्गदर्शक होणार आहात, असे माझ्या वडिलांनी सांगितले आहे. वडिलांचे म्हणणे नेहमी बरोबरच असते, अशा अर्थाचे उत्तर देऊन नेस्मिथांनी त्याला जवळ केले. विद्यापीठाच्या संघात तेव्हा कृष्णवर्णीयांना मज्जाव होता. पोहण्याच्या तलावावरही होता, आणि तो मॅक्लेंडन यांनी नेस्मिथांच्या पाठबळावर मोडून काढला. गुलामगिरीविरुद्ध ज्या गावाने रक्त सांडले त्याच गावाच्या टेकडीवर असा मज्जाव असावा, याची खंत त्या पायऱ्यांवर उभे असताना मला आवरेना. ॲलन यांच्या संघाचे दार लव्हॅन्स स्क्वायर्स या कृष्णवर्णीय खेळाडूसाठी उघडले ते पन्नाशीच्या दशकात. ॲलन यांचा मोठेपणा मी मान्य करतो. पण हे एक ऋण त्यांच्या खाती आहे.

ठरलेला प्रवास शिकागोचा होता. तो मी रद्द केला आणि मॅक्लेंडन यांच्या मागोमाग नॉर्थ कॅरोलायनातील डरहॅमला गेलो. त्या एकाच नगरात दोन विद्यापीठे आहेत. ड्यूक विद्यापीठाचे कॅमेरन क्रीडागृह 1940 चे, बाहेरून एखाद्या जुन्या मठासारखे, नऊ हजारांच्या आसपास जागांचे. शेजारी नव्या काळातील मनोऱ्यासारखी इमारत आणि तिच्या माथ्यावरच्या मजल्यावर प्रशिक्षकाची कचेरी. ड्यूकच्या परिसराचे आणि या क्रीडागृहाचे आराखडे ज्युलियन एबेल या कृष्णवर्णीय वास्तुशिल्पज्ञाच्या हातचे आहेत, ही गोष्ट प्रत्येक मार्गदर्शकाने सर्वांत आधी सांगावी अशी आहे.

शहराच्या दुसऱ्या भागातले दुसरे विद्यापीठ तेव्हा कृष्णवर्णीयांसाठीचे महाविद्यालय होते, आणि तिथे मॅक्लेंडन प्रशिक्षक होते. 12 मार्च 1944 च्या रविवारी सकाळी, गाव प्रार्थनामंदिरात असताना, ड्यूकच्या वैद्यकीय शाखेचा गोरा संघ डोक्यावर कोट ओढून त्यांच्या लहानशा व्यायामशाळेत शिरला. दोन वर्णांनी एकत्र खेळणे तेथे निषिद्ध होते, म्हणून दारे कुलूपबंद करण्यात आली आणि प्रेक्षकांना प्रवेश नव्हता. वेगवान हल्ल्याची जी पद्धत मॅक्लेंडन यांनी घडविली होती, तिच्या जोरावर त्यांचा संघ 88–44 असा जिंकला. नंतर दोन्ही संघ आपसांत मिसळून पुन्हा खेळले. ही हकीकत अर्धशतक गुप्त राहिली आणि इतिहासकार स्कॉट एल्सवर्थ यांनी 1996 मध्ये ती प्रकाशात आणली. लॉरेन्सचे प्राध्यापक दगडाचा दाखला देत होते. मी हा देतो.

मॅक्लेंडन यांनी पुढे टेनेसी ए. अँड आय. या कृष्णवर्णीयांच्या विद्यापीठाला 1957, 1958 आणि 1959 अशी लागोपाठ तीन वर्षे लहान महाविद्यालयांचे राष्ट्रीय अजिंक्यपद मिळवून दिले. स्प्रिंगफील्ड येथील नेस्मिथांच्या नावाच्या सन्मानमंदिरात त्यांना 1979 मध्ये स्थान मिळाले ते खेळाला हातभार लावणारे म्हणून. प्रशिक्षक म्हणून त्यांची निवड झाली ती 2016 मध्ये, त्यांच्या निधनानंतर सतरा वर्षांनी.