पायोरियाचं भाकीत

आमच्या धामणगाव रेल्वेच्या दवाखान्यात हिरडीच्या पेशंटचं पहिलं वाक्य बहुतेक ठरलेलं असतं : "डॉक्टर सायेब, दात हालून रायला, पण दुखत तं काहीच नाही." दुखत नाही हीच खरी अडचण. दात किडला की रात्रीची झोप उडते आणि माणूस सकाळी दारात उभा राहतो. पायोरिया मात्र वर्षानुवर्षं गुपचूप हाड झिजवतो. आता मोबाइलवर वाचून येणारे विचारतात, तोंडातले जंतू तपासले की कोणाचे दात जाणार ते आधीच कळतं म्हणे? त्याचं उत्तर 'हो' आहे, पण निम्मंच.

दातावरच्या पांढऱ्या थरात जीव वळवळतात, हे सूक्ष्मदर्शकातून पाहणाऱ्या लेव्हेनहूकने 1683 मध्येच लिहून ठेवलं होतं. त्यातले दांडगे कोण, याची नीट छाननी व्हायला 1998 उजाडलं. अमेरिकेत सॉक्रान्स्की आणि सहकाऱ्यांनी 185 माणसांच्या तोंडांतले 13 हजारांहून जास्त नमुने तपासले आणि एकमेकांच्या सोबतीने राहणाऱ्या जंतूंचे गट पाडून त्यांना रंगांची नावं दिली. पॉर्फिरोमोनास जिंजिव्हॅलिस, टॅनेरेला फोर्सायथिया आणि ट्रेपोनेमा डेंटिकोला हे तिघं 'लाल गटा'त गेले. दात आणि हिरडीमधली फट, म्हणजे आमचं 'पॉकेट', जितकं खोल आणि रक्ताळ, तितके हे जास्त. तिथे प्राणवायू पोचत नाही, ते त्यांना मानवतं.

तपासणी अवघड नाही. कागदाची बारीक टोकदार काडी पॉकेटमध्ये काही सेकंद ठेवायची आणि पीसीआरला पाठवायची. किंवा थर खरवडून 'बाना' पट्टीवर लावायचा. या तिघांचं एक विकर पट्टीवरचं रसायन फोडतं आणि पट्टी निळी होते. तिघांपैकी नेमका कोण, ते पट्टी सांगत नाही.

पण जंतू सापडला म्हणजे दात जाणारच, असं नाही. हॅराल्ड लो यांनी श्रीलंकेतल्या चहामळ्यांतल्या 480 मजुरांकडे 15 वर्षं लक्ष ठेवलं. या लोकांना ना ब्रश माहीत, ना दाताचा डॉक्टर. सगळ्यांच्या दातांवर थर आणि किटण, सगळ्यांच्या हिरड्या सुजलेल्या. तरी 1986 चा निष्कर्ष असा : 8 टक्क्यांचा आजार झपाट्याने वाढला, 81 टक्क्यांचा मध्यम गतीने आणि 11 टक्क्यांचा हिरडीच्या सुजेपुढे गेलाच नाही. एकाच पावसात एक वावर चिभडतं आणि शेजारचं कोरडं राहतं, तसंच हे. पुढे 2011 मध्ये उंदरांवर दिसलं की पॉर्फिरोमोनास अगदी थोड्या संख्येत असला तरी तोंडातल्या इतर साध्या जंतूंचा तोल बिघडवून हाड झिजवतो. ज्या उंदरांच्या तोंडात दुसरे जंतूच नाहीत, तिथे त्या एकट्याकडून काही होत नाही. तेव्हा रिपोर्टमधल्या आकड्यावर किती भिस्त ठेवायची?

म्हणून मी अजून खुणा कोरलेल्या सळईवरच जास्त विसंबतो. तिने पॉकेट मोजताना रक्त येत असलं तर आजार वाढेलच असं नाही, पण भेटीमागून भेटी रक्त आलंच नाही, तर ती जागा शाबूत राहण्याची खात्री 98 टक्क्यांच्या घरात. हे निक्लाउस लांग यांनी 1990 मध्ये दाखवलं. इतकं स्वस्त भाकीत मला दुसरं माहीत नाही.

2018 पासून जगभर वापरात असलेल्या वर्गीकरणातही जंतूंच्या तपासणीला रकाना नाही. तिथे सर्वांत खराब दाताचं झिजलेलं हाड किती टक्के, त्याला वयाने भागतात. उत्तर 1 च्या वर गेलं तर आजार वेगाचा. पन्नाशीतल्या माणसाचं 30 टक्के हाड गेलं तर 0.6, म्हणजे चाल मध्यम. पंचविशीतल्या पोराचं तेवढंच गेलं तर 1.2. तीन महिन्यांची सरासरी साखर (एचबीए1सी) 7 टक्के किंवा वर, अथवा दिवसाला 10 सिगारेटी, यानेही वेगाची श्रेणी वर सरकते. तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्याला मात्र त्या तक्त्यात जागाच नाही! ज्यांनी तो केला ते वऱ्हाडात येऊन गेलेले दिसत नाहीत. गालात खर्रा धरायच्या जागी हिरडी कशी खाली सरकते, ते इथल्या कुठल्याही डॉक्टरला विचारा.

मग जंतू तपासायचे कधी? वय कोवळं, तोंड बऱ्यापैकी स्वच्छ आणि तरी पुढच्या दातांभोवतीचं नि पहिल्या दाढांभोवतीचं हाड गेलेलं, तेव्हा. मोरोक्कोत 2008 मध्ये प्रसिद्ध झालेल्या पाहणीत, हिरड्या निरोगी असलेल्या ज्या किशोरांच्या तोंडात अ‍ॅग्रिगॅटिबॅक्टर या जंतूचा 'जेपी2' हा वाण एकटाच होता, त्यांना दोन वर्षांत आजार होण्याचा धोका 18 पट निघाला. जंतूवरून भविष्य सांगण्याचा इतका ठळक दाखला क्वचितच मिळतो. हा वाण मुख्यतः आफ्रिकी वंशाच्या लोकांत आढळतो, तेव्हा तो आकडा जसाच्या तसा धामणगावला लावता येत नाही. पण हे जंतू घरातल्या घरात पसरतात, हे इथेही खरं. म्हणून असा पोरगा आला की मी त्याच्या भावंडांनाही बोलावतो, सळई फिरवतो, दाढांचा एक्स-रे काढतो. नमुना पाठवायचाच असेल, तर ज्याचं हाड अजून शाबूत आहे त्याचा आधी.